जोडीतली एक बोट

आर्वीच्या बैलबाजारात महादेवराव उमाटे शिरले की दलाल आवाज खाली आणत. दातांवरून बैलाचं वय, खुरांवरून चाल आणि डोळ्यांवरून स्वभाव सांगणारा माणूस. त्यांच्यापुढे म्हातारा बैल तेल चोळून उभा करायची कोणाची छाती होत नसे. पंचक्रोशीतल्या निम्म्या जोड्या त्यांनी निवडून दिलेल्या, आणि त्याचा अभिमान ते मुळीच लपवीत नसत. अशा माणसाला त्या दिवशी सकाळी धरणाच्या काठावर दोन मोटरबोटी दाखवल्या आणि यातली एक निवडा म्हणून सांगितलं. महादेवराव बराच वेळ बघत उभे राहिले. त्यांना काहीही कळेना.

दोन्ही बोटी एकाच कारखान्यातल्या, लोखंडी पत्र्याच्या, हिरव्या रंगाच्या. दोन्हींच्या कडेला पांढरा पट्टा. आत आडव्या फळ्या, मागं टांगलेलं इंजिन, इंजिनाला ओढायची दोरी. नागपूरकडच्या कुठल्याशा तलावावर मासेमारीचा ठेका घेणाऱ्या माणसानं धंदा बंद केला आणि त्याच्या बोटी रूपरावानं विकायला घेतल्या. रूपराव म्हणजे शोभाबाईंचा मामेभाऊ, आणि शोभाबाई म्हणजे महादेवरावांची बायको. त्यामुळं सौदा घरातला झाला होता. सौदा घरातला झाला की डोकेदुखीही घरातलीच होते.

"रूपराव, खरं सांगजो," महादेवरावांनी पुन्हा विचारलं, "यातली चांगली कोन्ती?"

"भाऊजी, दोन्ही सारख्याच हायेत."

"मंग दोन काऊन आनल्या?"

"तुम्हीच म्हनलं ना, पाहून घेतो म्हनून. एकच आनली असती तं पाहाले काय राह्यलं असतं?"

महादेवरावांनी पुन्हा एकदा दोन्ही बोटींना फेरी मारली.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी धरणाचं काम सुरू झालं, आणि पाणी भरलं त्याला आता चौथा पावसाळा लागला होता. जुनी चिंचोली पाण्याखाली गेली, गाव वरच्या माळावर येऊन बसलं. उमाट्यांचं मधलं रान बुडालं. अलीकडच्या काठाला कपाशीची जमीन उरली आणि पलीकडच्या काठाला संत्र्याची बाग. त्या बागेत यशोदा राहत होती, महादेवरावांची पाठची बहीण. ती विधवा होऊन माहेरी परतली तेव्हा वडिलांनी बाग तिच्या हवाली केली होती, आणि पाणी आलं तरी ती तिथून हलली नव्हती. सडकेनं जायचं तर आर्वीवरून भला मोठा वळसा, तोही पावसाळ्यात चिखलाचा. नाहीतर तानबा नावाड्याचा डोंगा, म्हणजे वल्ह्याची लहान होडी. गेल्या श्रावणात यशोदेला ताप भरला आणि नेमका वारा सुटला. तानबानं डोंगा दोनदा पाण्यात घातला आणि दोनदा परत आणला. त्यानंतर ती बरी झाली ती आपली आपणच, आणि बरी झाल्यावर तिनं निरोप धाडला की मोटरबोट घ्या.

धाकटा भाऊ अण्णाजी याचं म्हणणं वेगळं होतं. त्याचं आर्वीला बी-बियाण्याचं दुकान. बाग विकून टाकावी आणि यशोदाअक्काला आर्वीला आपल्या घरी आणावं, असं तो दोन वर्षं सांगत होता. बागेला गिऱ्हाईकही त्यानं पाहून ठेवलं होतं. बोटीला तो हो म्हणाला, पण अट घालून. आज संध्याकाळी रूपरावाचा ट्रक परत जायच्या आत बोट ठरली तर ठरली. नाहीतर उद्या तो गिऱ्हाइकाला शब्द देणार. आणि महादेवरावांनी सगळ्यांच्या देखत मान डोलावली होती. त्यांना वाटलं होतं, दोन वस्तूंतून एक निवडायची, त्यात काय मोठं! आयुष्यभर तेच तर केलं.

आता उन्हं वर यायला लागली होती आणि यशोदेचं घर राहणार की जाणार, हे त्यांच्या पारखीवर येऊन ठेपलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. पाणी भरल्यापासून ते एकदाही पलीकडे गेले नव्हते. कधी गुडघा धरला, कधी पेरणी आली, कधी कोणाची सोयरीक निघाली. खरं कारण साधं होतं. त्यांना त्या पाण्याची भीती वाटत होती. जिथं लहानपणापासून बैलगाडी हाकली त्याच वाटेवर आता माणूस बुडेल इतकं पाणी आहे, हे त्यांच्या मनाला पटतच नव्हतं.

शेवटी त्यांनी ठरवलं, आपल्याला येतं तसंच करावं. बोट झाली म्हणून काय झालं? जनावर समोरून कसं उभं राहतं ते आधी पाहावं. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि एकेका बोटीच्या तोंडाकडे एक डोळा मिटून बघत राहिले. बघता बघता उजवीकडची त्यांना बरी वाटायला लागली. का ते सांगता आलं नसतं. तिचं तोंड जरा वर उचललेलं होतं, चालायला उत्सुक असलेल्या गोऱ्ह्यासारखं. त्यांनी कोणाचं लक्ष नाही असं पाहिलं, सदऱ्याच्या खिशातून गेरूचा खडा काढला आणि तिच्या तोंडाशी लहानसा ठिपका दिला. बाजारात पसंत पडलेल्या बैलाच्या कपाळावर ते असाच ठिपका देत. मग दुसऱ्या कोणी त्या बैलाला हात लावत नसे.

मनावरचं ओझं उतरलं. आता थोडा वेळ गंभीर चेहरा करून फिरायचं, बोट चालवून बघायची आणि मग ठिपक्यावर बोट ठेवायचं. ते बाभळीखाली जाऊन बसले आणि पान लावायला घेतलं.

पान तोंडात जाईपर्यंत बायका आल्या. शोभाबाईंच्या हातात हळदीकुंकवाचं ताट, मागून धाकटी जाऊ लीलाबाई पाण्यानं भरलेला पितळेचा गुंड कमरेवर घेऊन. नवा बैल दारात आला की त्याच्या खुरांवर पाणी घालायचं, कपाळ ओल्या फडक्यानं पुसायचं आणि हळदीकुंकू लावायचं, ही उमाट्यांच्या घरची रीत. बोटीला खूर नव्हते, तेव्हा शोभाबाईंनी उजवीकडच्या बोटीच्या तोंडावरच तांब्याभर पाणी ओतलं आणि फडकं घेऊन लख्ख पुसलं.

महादेवराव पान चावायचे थांबले.

"अवं, थांब!" ते ओरडले. "घेतली नाई अजून, अन् पूजा कायची करतं?"

"घेतली नाई म्हनून काय झालं? आपल्या दारात आली ना?" शोभाबाईंनी दुसऱ्या बोटीकडेही फडकं वळवलं. "अन् एकीची करून दुसरीची सोडावं काय? जोडीतल्या एकाच बैलाले कोनी कुंकू लावते का?"

लीलाबाईंनी लगोलग दुसऱ्या बोटीवर पाणी ओतलं. क्षणभरात दोन्ही बोटींची तोंडं सारखीच ओली, सारखीच पिवळी आणि सारखीच लाल झाली. महादेवराव उठून जवळ गेले. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. तोवर रूपरावानं आणि महादेवरावांचा मुलगा ओमप्रकाश यानं दोन्ही बोटी पाण्यात ढकलल्या, आणि ढकलता ढकलता त्यांच्या जागाही बदलल्या. कोणती वर उचललेल्या तोंडाची? आता दोन्हींची तोंडं वर होती, कारण दोन्ही पाण्यावर तरंगत होत्या.

आपण निवडलेला बैल आपल्यालाच ओळखू येऊ नये, असं महादेवरावांच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. बोलायची सोय नव्हती. गेरू लावला हे सांगावं तर कोणत्या बोटीला ते सांगावं लागलं असतं.

"दादा, कोन्ती पसंत केली मंग?" मागून अण्णाजीनं विचारलं.

"दोन्ही चालवून पाहू," महादेवराव म्हणाले. "बैल उभा पाहून घेत नाई कोनी."

ओमप्रकाश आर्वीच्या एसटी आगारात कारकून. कारकून असला तरी आगारात नोकरी आहे म्हटल्यावर इंजिनाचं त्याला कळतंच, असं घरच्यांनी धरून चाललं होतं, आणि तोही कधी नाही म्हणाला नव्हता. त्यानं एका इंजिनाची दोरी ओढली. बोट अशी काही टरटरली की बाभळीवरचे बगळे उडाले. काठाकाठानं फेरी मारून तो परत आला आणि दुसरीत बसला. दुसरी नुसती घुमत गेली आणि घुमतच आली.

"काका, पयली पळते चांगली," ओमप्रकाश खाली उतरत अण्णाजीला म्हणाला, "पन आवाज लय करते. दुसरी शांत हाये, पन मले वाटते जरा सुस्त हाये. म्हंजे, सुस्त नसन बी. वारा समोरून होता."

"तं मंग वारा मांगून असताना पाह्य ना!" अण्णाजी म्हणाला.

"तवा पयली चालवून पाहा लागन. तिले तं वारा मांगून होता. का समोरून होता गा, रूपराव मामा?"

रूपरावानं दोन्ही हात वर केले.

मग घरातल्यांनी आपापली मतं सांगायला सुरुवात केली. शोभाबाईंना टरटरणारी पसंत होती, कारण रूपरावानं ती आधी उतरवली होती, आणि आपला भाऊ चांगली वस्तू आधी दाखवणार यात त्यांना शंका नव्हती. शोभाबाईंना पहिली म्हटल्यावर लीलाबाईंना दुसरी. लीलाबाई मोठ्या दिराशी थेट बोलत नसत. मोठ्या दिराला तिकडे भासरे म्हणतात, आणि त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पुढं ओढून जावेच्या आडून बोलायचं, अशी चाल. त्या शोभाबाईंच्या कानाशी, पण पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

"बाई, भासऱ्यायले सांगा, एवढा आवाज करनारी बोट घेसान तं झाडावरचे संत्रे पडतीन."

"सांगतो," शोभाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "लीला म्हनते का शांत बोट पाह्यजे. मी म्हनतो का ज्याचा आवाज नाई त्याच्यात दम नाई."

"बाई, भासऱ्यायले म्हना, तुमच्या धाकट्या भावाचा आवाज नाई, म्हनून काय दम नाई काय?"

अण्णाजी खोकला.

महादेवराव दोघींच्या मध्ये उभे होते. एकीचं ऐकलं की ती बोट बरी वाटे, दुसरीचं ऐकलं की ती. त्यांना वाटलं, आपण शांतपणे विचार करतो आहोत. खरं तर ते नुसते इकडून तिकडे मान फिरवत होते.

दुपारच्या भाकरी काठावरच झाल्या. जेवताना रूपराव सहज बोलून गेला की तुम्ही एक घेतली की दुसरी मी हिंगणीकडच्या एका माणसासाठी राखून ठेवणार आहे. शोभाबाईंचा घास हातातच राहिला. आपल्याला आधी दाखवली ती म्हणजे खपवायची, आणि मागं ठेवली ती चांगली, असा उजेड त्यांच्या डोक्यात एकदम पडला. "रूप्या, तू माह्या मामाचा पोरगा, अन् मलेच बनवतं?" असं त्या म्हणाल्या नाहीत, पण भाकरी संपेपर्यंत त्या शांत बोटीच्या बाजूच्या झाल्या होत्या. जाऊ आपल्या बाजूला आलेली पाहून लीलाबाईंना काही सुचेना. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. नक्की काहीतरी डाव असणार म्हणून त्यांनी हात धुता धुता टरटरणारीचा पक्ष घेतला. ओमप्रकाश आधीच दोन्हीकडून होता.

"तू तं सकाळी शांत म्हनत होती ना?" महादेवरावांनी शोभाबाईंना विचारलं.

"सकाळी लीला म्हनत होती."

"मंग तू काय म्हनत होती?"

"मी म्हनत होतो ते आता लीला म्हनते."

महादेवरावांनी पगडीसारखा बांधलेला रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि पुन्हा बांधला. डोक्यात नुसता गलका झाला होता. वर सूर्य कलायला लागला होता. रूपरावाचा ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत झोपून उठला होता आणि टायरांना लाथा मारून हवा बघत होता.

"दादा," अण्णाजी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "होत नाई ना तुह्याच्यानं? राहू दे. अक्काले मी सांभाळीन. तिले तिथं एकटी ठेवून आपल्याले झोप लागते काय रातची? गेल्या साली ताप भरला तवा काय झालं असतं?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि म्हणूनच महादेवरावांना जास्त लागलं. अण्णाजी बागेच्या लोभानं बोलत असता तर त्याच्यावर ओरडता आलं असतं.

"एकदा तू बसून पाह्य," ते कसंबसं म्हणाले. "तू सांग मले."

"मी काऊन? तूच बस ना."

"मी काठावरून पाह्यतो. पारख बाहेरून होते. बैलाच्या पाठीवर बसून बैल घेते काय कोनी?"

अण्णाजीनं भावाकडे जरा रोखून पाहिलं, मग धोतराचा काचा मारून शांत बोटीत चढला. रूपरावानं इंजिन चालू करून दिलं आणि दांडा त्याच्या हातात दिला. पहिल्यांदा बोट गोलगोल फिरली. मग सरळ गेली. मग अण्णाजीनं तिला आपणहून वळवलं. काठावर सगळे बघत होते, आणि पाण्याच्या मधोमध अण्णाजी उमाटे, बी-बियाण्याचे व्यापारी, दोन मुलींचे बाप, मोठमोठ्यानं हसत होते. ते हसणं महादेवरावांनी ओळखलं. जुन्या चिंचोलीच्या डोहात म्हशीच्या पाठीवर बसून अण्णा असाच हसायचा. तो परत आला आणि खाली न उतरता सरळ दुसऱ्या बोटीत गेला. दुसरी टरटरत निघाली, आणि अण्णाजी आणखी जोरात हसला.

लीलाबाई पदर सोडून पाहत राहिल्या. नवरा काठाला लागल्यावर त्या म्हणाल्या, आणि या वेळी जावेचा आडोसा घ्यायचाही विसरल्या:

"तुमी तं बाग विकाले आलते ना?"

"आलतो," अण्णाजी म्हणाला. त्याचा सदरा भिजला होता. "दादा, दोन्ही घेऊ काय?"

"एक!" महादेवराव ओरडले. "एक घ्याची हाये, अन् तेच समजून नाई राह्यलं!"

ट्रकच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. अण्णाजीचं हसू ओसरलं. भिजलेला सदरा पिळत तो म्हणाला, "पाह्य दादा, मजा आली हे खरं हाये. पन माहा शब्द मी बदलत नाई. ट्रक जाच्या आत बोट ठरली पाह्यजे. तूच ठरवलं पाह्यजे. उद्या काही झालं तं मले म्हनता याले नोको का अण्णानं घेतली."

त्याच वेळी डोंगा दिसला.

पाण्यावरून आवाज न करता तो केव्हा इतका जवळ आला हे कोणालाच कळलं नाही. तानबा वल्हवत होता आणि समोर यशोदा बसली होती, मांडीवर संत्र्याच्या पानांनी झाकलेली टोपली. ती उतरली, लुगड्याचा ओला काठ झटकला आणि दोन्ही बोटींकडे पाहिलं. महादेवरावांना ती एकदम म्हातारी वाटली. दिवाळीत ती इकडे आली होती त्यानंतर त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं. तिच्या कानाशी सगळे केस पांढरे झाले होते.

"काय चालू हाये गा सकाळपासून?" ती म्हणाली. "एकदा टरटर, एकदा घूंघूं. मले वाटलं आता येतीन, मंग येतीन. दोनदा चूल पेटवली. कोनी आलंच नाई. म्हनून तानबाले हाक मारली अन् मीच आलो."

सगळे एकदम बोलायला लागले. शोभाबाईंनी तिला शांत बोटीचे गुण सांगितले, लीलाबाईंनी टरटरणारीचे, ओमप्रकाशनं वाऱ्याचं. अण्णाजी म्हणाला, "अक्का, तू आर्वीले चाल. ताप भरला तं दवाखाना बाजूले हाये." यशोदेनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग थोरल्या भावाकडे वळली.

"दादा, तू काय म्हनतं?"

महादेवरावांना वाटलं, काहीतरी ठाम सांगावं. तोंडून निघालं ते भलतंच.

"मले समजत नाई यशोदे. सकाळपासून पाहून राह्यलो. माह्या हातानं गेरू लावला होता एकीले, ते बी पुसून गेला. कोन्तीले लावला होता ते आठवत नाई. तुह्या जिवाचा प्रश्न हाये. चुकीची घेतली अन् मधात बंद पडली तं? तू पान्यात अन् मी काठावर. म्हनून डोकं चालत नाई माहं."

गेरूचं ऐकून शोभाबाईंनी ताटातल्या फडक्याकडे पाहिलं.

"मी काऊन पान्यात?" यशोदा म्हणाली. "मले कुठी जाचं हाये? दादा, तुमाले वाटलं काय, बोट मी माह्यासाठी मांगतली?"

"तं मंग?"

"ताप आला अन् गेला. तापाचं मी काही म्हनलं नाई. तुमी येत नाई म्हनून मांगतली." ती टोपली खाली ठेवून तिथंच दगडावर बसली. "हा तानबा कोनाले घेऊन येते. डोंग्याले आवाज नाई. मानूस दारात उभा राह्यते तवा मले दिसते. मंग मी चुलीपाशी बसतो, पाहुना वसरीत बसते. भाकर होते, भाजी होते, पाहुना जेवते, अन् तानबा म्हनते वारा सुटून राह्यला, चाला. बोलनं काही होतच नाई. मांगच्या साली अण्णा आला होता. तो काय बोलला, मले एक शब्द आठवत नाई. धुरात होतो मी."

अण्णाजीनं मान खाली घातली.

"अन् तू तं," ती महादेवरावांना म्हणाली, "तू तं आलाच नाई."

"गुडघा..." महादेवरावांनी सुरुवात केली.

"गुडघा नाई दादा. तू पान्याले भेतं. मले मालूम हाये. लहानपनी बी भेत होता. मले मोठ्या आवाजाची बोट पाह्यजे. आर्धं पानी कापलं का मले तिकडं ऐकू आलं पाह्यजे, का कोनी येऊन राह्यलं. मंग मी चूल पेटवीन, भाकरी टाकीन, अन् तुमी दारात येसान तवा मी मोकळी राहीन. बसून बोलता येईन. शांत बोट घेऊन मी काय करू? शांत तं तिकडं मस्त हाये."

दिवसभर सगळ्यांनी तिच्यासाठी भांडण केलं होतं, आणि तिला काय हवं हे विचारायला कोणी पलीकडे गेलं नव्हतं. महादेवरावांना आपली लाज वाटली. बहीण पलीकडच्या काठावर बसून दिवसभर कान लावून होती, आणि आपण इथं पत्र्याचं तोंड बघत बसलो होतो.

ती उठली. "मी पुढं जातो. गाय सोडून आलो. रूपराव, तुमी बी येजा जेवाले." तानबानं डोंगा वळवला, आणि आली तशी ती आवाज न करता निघून गेली.

डोंगा लहान लहान होत गेला. मग महादेवरावांनी डोक्याचा रुमाल सोडला, रूपरावाच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं दाबली. बैलाचा सौदा ते असाच करत. रूपरावाला त्या बोटांच्या खुणा कळत नव्हत्या, पण तो समजूतदार होता. त्यानं मान हलवून पसंती दिली.

"आवाजाची," महादेवराव म्हणाले.

"मी दुपारपासून तेच सांगून राह्यलो होतो," लीलाबाई जावेच्या कानाशी म्हणाल्या.

"अन् मी सकाळपासून," शोभाबाई म्हणाल्या.

शांत बोट ट्रकवर चढली. तिच्या तोंडावरचं हळदीकुंकू तसंच होतं. जोडी फुटली म्हणून शोभाबाईंना वाईट वाटलं आणि त्यांनी तिच्यावरून पदर ओवाळला. हीच तर नव्हती ठिपक्याची, असा विचार महादेवरावांच्या मनात येऊन गेला. ते त्यांना पुढंही कधी कळलं नाही. रूपरावानं ड्रायव्हरला पुढच्या गावात थांबायला सांगितलं, कारण त्याला जेवायचं आमंत्रण होतं. मग ऐन वेळी त्याला बोटीतल्या माणसांकडे पाहून काय वाटलं कोण जाणे. "मी उद्या येतो जेवाले," असं म्हणून तोही ट्रकमध्ये चढला.

अण्णाजीनं दांडा धरला. ओमप्रकाश दोरीशी उभा राहिला. "दादा, येतं?" अण्णाजीनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हात पुढं केला.

महादेवरावांनी तो धरला. बोट एका बाजूला कलली तसे ते मटकन मधल्या फळीवर बसले आणि दोन्ही हातांनी फळीची कड आवळून धरली. ओमप्रकाशनं दोरी ओढली. एकदा, मग पुन्हा. इंजिन असं टरटरलं की काठावर शोभाबाई काय म्हणाल्या ते ऐकूच आलं नाही.

पाणी दोन्ही बाजूंनी मागं पळायला लागलं. महादेवरावांनी खाली पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलं. इथं कुठंतरी मारुतीचा पार होता. इथून वळून रान लागायचं. त्यांनी डोळे मिटले. अण्णाजी मागून काहीतरी ओरडत होता, आवाजात ऐकू येत नव्हतं. मग त्यानं भावाच्या खांद्याला हात लावला आणि समोर हात केला.

महादेवरावांनी डोळे उघडले. अजून अर्धं पाणी बाकी होतं. पलीकडे संत्र्याची झाडं काळसर दिसत होती आणि त्यांच्यामध्ये यशोदेच्या घराचं कौलारू छप्पर. त्या छपरातून नुकताच धूर वर यायला लागला होता.

ते बघत राहिले. धूर दाट झाला, सरळ वर गेला. त्यांनी फळीवरचा एक हात सोडला, मग दुसराही सोडला, आणि एवढ्या लांबून दिसणार नाही हे माहीत असूनही दोन्ही हात वर करून हलवले.